जुन्या गाडीचं ओरिजिनल इंजिन काढलं, आता ठेवायचं का भंगारात द्यायचं?

इंजिन ज्या दिवशी गाडीतून बाहेर निघतं ना, त्या दिवशी त्याचं काय करायचं हे अजिबात ठरवू नका. त्या दिवशी आपण वैतागलेलो असतो, खिसा रिकामा झालेला असतो, मिस्त्रीला पुढची गाडी घ्यायची असते आणि समोर फरशीवर तेलाने माखलेलं ते धूड पडलेलं असतं, त्याच्याकडे बघून कुणीही म्हणेल जाऊ द्या घेऊन जा. मी पण म्हणालो होतो.

आमच्याकडे अमळनेरला वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मे महिन्यात सगळे वेरूळला निघालो, चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढताना रेडिएटरचा होज फुटला. मी तिथेच थांबायला पाहिजे होतं पण "वर टपरीपर्यंत जाऊ, मग बघू" म्हणत तशीच दामटली आणि टपरी यायच्या आत इंजिन जाम. गाडी टोचन करून धुळ्याला आणली. मिस्त्रीने भंगारात निघालेल्या मुंबईच्या टॅक्सीचं इंजिन मिळवलं, तेच १०८९ सीसीचं, आणि मला म्हणाला जुनं इथेच राहू द्या, बिलात कमी करतो. मी मान हलवून घरी आलो. रात्री वडिलांनी एकच विचारलं, "नंबर कोणत्या इंजिनाचा आहे आरसीवर?" दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी पकडून धुळ्याला. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि हेड (त्याच्यावरचं झाकण) मिळालं, कार्बोरेटर तोपर्यंत गायब झालेला होता. कुठे गेला ते आजपर्यंत कोणी सांगितलं नाही.

तर तुमची फियाट असो, ॲम्बेसेडर असो की शेतावरची जुनी विलीज जीप, खालच्या क्रमाने जा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण ठरवायचं काम पाचव्या नंबरला येतं, पहिल्या नाही.

१. काम सुरू व्हायच्या आधी मिस्त्रीशी बोलून घ्या

"जुनं इंजिन माझं, ते मी घेऊन जाणार" हे इंजिन उतरवायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. आपल्याकडे बऱ्याच गॅरेजमध्ये जुना माल गॅरेजचा असं गृहीतच धरलेलं असतं, त्यात मिस्त्रीची चूक नाही, आपणच कधी विचारत नाही. बिलावर दोन ओळी लिहून घ्या: कोणत्या नंबरचं इंजिन काढलं, कोणत्या नंबरचं बसवलं, तारीख, सही-शिक्का. कच्च्या चिठ्ठीवर नको, छापील बिल पाहिजे, पुढे आरटीओला लागतं.

आणि उतरवलेलं सगळं मागायचं. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनामो, मॅनिफोल्ड, वॉटर पंप, माउंटिंगचे ब्रॅकेट. ब्लॉक हलवायला चार माणसं लागतात म्हणून तो सहसा कुठे जात नाही, कार्बोरेटर पिशवीत बसतो. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांमध्ये भरून वर चिठ्ठी टाका, आणि काही उघडायच्या आधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. वर्षभराने कोणती पट्टी कुठे होती हे ना तुम्हाला आठवणार ना मिस्त्रीला.

२. नंबर शोधा आणि आरसीशी लावून बघा

इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो, हेडवर नाही. म्हणून हेड बदललं तरी इंजिन "तेच" राहतं, ब्लॉक बदलला की संपलं. नंबरच्या जागेवर चाळीस वर्षांचं ग्रीस आणि धूळ बसलेली असते. आमच्याकडे तर काळ्या मातीचा थर असा वाळलेला होता की वीट वाटावी. रॉकेल किंवा डिझेल लावून फडक्याने पुसायचं, लाकडाच्या काडीने खरवडायचं, मग खडूची पावडर चोळून जास्तीची पुसून टाकायची म्हणजे आकडे पांढरे उठून दिसतात. वर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, जसा पासिंगला चेसिसचा घेतात तसा.

लोखंडी ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर यातलं काही त्या जागेवर लावू नका. एकदा घासला गेला की तो नंबर परत येत नाही आणि घासलेला नंबर बघितला की समोरच्याला पहिला संशय चोरीचा येतो. बोअरिंगवाल्याकडे (सिलिंडर मशीनवर आतून कोरून देणारा) ब्लॉक टाकताना पण सांगून ठेवा की सँड ब्लास्टिंग नको, करायचंच असेल तर नंबरवर टेप मारून.

आता ठसा आणि आरसी समोरासमोर ठेवा. इथे बऱ्याच लोकांना धक्का बसतो. माझ्या एका मित्राची ॲम्बेसेडर आहे, "वन ओनर, ऑल ओरिजिनल" म्हणून घेतलेली, तिच्या ब्लॉकवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर यात एकही आकडा जुळत नव्हता. म्हणजे ज्याला तो ओरिजिनल समजून जपायला निघाला होता ते मधल्या कोणत्यातरी मालकाने टाकलेलं दुसरंच इंजिन होतं. त्याचा निर्णय दोन मिनिटांत झाला, भावनेचा प्रश्नच संपला, पण त्याच्या आरसीचा प्रश्न मात्र सुरू झाला, त्याबद्दल खाली चौथ्यात.

एक मिस्त्री तुम्हाला हमखास सुचवेल की नवीन ब्लॉकवरचा नंबर घासून आपला जुना नंबर ठोकून देऊ, कोणाला कळतंय. हे करू नका. हा गुन्हा आहे, आणि तपासणीत खालचा मूळ ठसा बाहेर काढता येतो.

३. ब्लॉक जिवंत आहे का ते तपासून घ्या

इंजिन जाम झालं म्हणजे मेलं असं नाही. यासाठी गॅरेज नाही, बोअरिंगचं मशीन असलेला माणूस गाठा. जळगाव-धुळ्याला एमआयडीसीच्या आजूबाजूला असे लोक आहेत जे दिवसभर ट्रॅक्टरचे ब्लॉक बोअर करत असतात, जुनं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, बघायची नजर त्यांच्याकडे असते.

त्याला तीन गोष्टी बघायला सांगा. पहिली, तडा. ओव्हरहीट झालेल्या इंजिनात दोन सिलिंडरच्या मधे, व्हॉल्व्हच्या सीटपाशी किंवा पाण्याच्या जॅकेटला तडा जातो. पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरतात आणि ब्लॉक पाण्यात बुडवतात, बुडबुडे आले की तडा. बारीक तडा लाल रंगाचा स्प्रे मारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर मारला की लाल रेघेसारखा उमटतो. दुसरी, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. पद्मिनीचा स्टँडर्ड बोअर ६८ मिलिमीटर. बोअर गेजने मोजल्यावर कळतं आधी कितीदा रिबोअर झालंय, म्हणजे सिलिंडर कोरून मोठं केलंय. ओव्हरसाइजची शेवटची पायरी संपली असली तरी स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) टाकून परत स्टँडर्डवर येता येतं, त्यामुळे "बोअर संपला" म्हणून कोणी ब्लॉक टाकून द्यायला सांगत असेल तर ऐकू नका. तिसरी, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) बसतो त्या मेन बेरिंगच्या जागा. क्रँक ग्राइंड होतो, बेरिंग बदलते, पण ब्लॉकमधल्या त्या जागेलाच तडा असेल किंवा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या बाहेर आला असेल तर मग ते इंजिन चालवायचा विचार सोडून द्या. पाण्याच्या जॅकेटचा बाहेरचा तडा पिन मारून शिवता येतो, तिथे भार नसतो. बेरिंगच्या जागेवर सगळा भार असतो.

पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, तापलं की पिळतं. आमचं पिळलं होतं, फेसिंग करून, म्हणजे मशीनवर घासून, सरळ झालं. पण धुवायला देताना लक्ष ठेवा, ब्लॉक उकळत्या कॉस्टिकमध्ये टाकतात ते बिडाला चालतं, ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाऊन टाकतं. पोरगं दोन्ही एकाच टाकीत सोडायला निघालं होतं, मी तिथे चहा पीत बसलो होतो म्हणून वाचलं.

आमचा निकाल असा होता: ब्लॉकला तडा नाही, तीन नंबर सिलिंडरला पिस्टन घासून खोल ओरखडे, तिथे स्लीव्ह लागणार. म्हणजे जिवंत.

४. आरटीओ आणि इन्शुरन्सचं काम उरकून घ्या

हे झाल्याशिवाय जुना ब्लॉक घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. कारण साधं आहे, जोपर्यंत आरसीवर जुना नंबर आहे तोपर्यंत कागदावर तेच इंजिन तुमच्या गाडीत आहे. तो ब्लॉक उद्या कोणी दुसऱ्या गाडीत टाकला आणि ती गाडी कुठे सापडली तर पोलीस नंबरवरून तुमच्या दारात येतील.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची असते आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. खरं सांगायचं तर आपल्याकडे निम्मे लोक इंजिन आधी टाकतात आणि आरटीओत नंतर जातात, मी पण त्यातलाच, आणि मग फेऱ्या वाढतात. तुम्ही आधी जा. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर काम सरळ आहे. वेगळ्या सीसीचं किंवा पेट्रोल काढून डिझेल असा प्रकार असेल तर आरटीओने लेखी हो म्हटल्याशिवाय इंजिनाचे पैसे पण देऊ नका.

सोबत काय न्यायचं:
- मूळ आरसी (जुनं पुस्तक असेल तर त्याच्या सगळ्या पानांची झेरॉक्स पण)
- चालू इन्शुरन्स आणि पीयूसी
- बसवलेल्या इंजिनाचं बिल, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची झेरॉक्स किंवा स्क्रॅपचा कागद
- गॅरेजचं बिल, ज्यावर दोन्ही नंबर आहेत
- दोन्ही इंजिन नंबरचे पेन्सिलचे ठसे आणि फोटो
- आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा
- स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र (आमच्याकडे मागितलं, एका मित्राकडे नाही मागितलं, करून ठेवलेलं बरं)

यातला तिसरा कागद सगळ्यात अवघड. भंगारवाल्याकडून इंजिन घेताना तो म्हणतो कागद कशाला पाहिजे साहेब, चालू करून दाखवतो ना. चालू होण्याचा आणि कागदाचा संबंध नाही. एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) ऑनलाइन सेवेत वाहनाची एनओसी काढता येते, त्यात चोरीची नोंद आहे का ते समजतं, पैसे द्यायच्या आधी ते बघून घ्या.

गाडी जुनी असेल तर अजून एक भानगड निघते, ऑनलाइन रेकॉर्डच नसतं. पुस्तकाच्या जमान्यातल्या गाड्यांची माहिती आरटीओच्या परिवहन साइटवर चढलेली नसते किंवा चुकीची चढलेली असते, मग आधी बॅकलॉगची एंट्री, म्हणजे जुन्या रेकॉर्डची ऑनलाइन नोंद, करून घ्यावी लागते. आमचं हे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बुक करताना उघड झालं, तिथे चेसिस आणि इंजिन नंबर दोन्ही टाकावे लागतात आणि साइट म्हणते जुळत नाही. कोणीतरी चढवताना आठ चा तीन केलेला होता. त्या एका आकड्यासाठी माझ्या तीन सुट्ट्या गेल्या.

आरसी झाली की इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसीवर नवीन नंबरची एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद, घ्या. नाही घेतली तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बॉनेट उघडून आधी नंबरच बघणार.

५. आता ठरवा

इथपर्यंत आलात म्हणजे तुमच्याकडे माहिती आहे: नंबर आरसीशी जुळतो की नाही, ब्लॉक जिवंत आहे की नाही, कागद साफ आहेत की नाही. आता स्वतःला विचारा की या गाडीचं पुढे तुम्ही करणार काय.

रोज चालवायची असेल, बाजारहाट, लग्नकार्य, तर मूळ इंजिनाला कायद्याच्या दृष्टीने काही वेगळी किंमत नाही. दर पाच वर्षांनी री-पासिंग करा, पर्यावरण कर भरा, संपलं. री-पासिंग महाग झालंय एवढं लक्षात ठेवा, २० वर्षांवरच्या कारला २०२५ पासून १०,००० रुपये फी आहे.

पण गाडी ५० वर्षांच्या जवळ आली असेल तर थांबा. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली, अशा गाडीला "व्हीए" सिरीजचा नंबर मिळतो. नवीन नोंदणीची फी २०,०००, दहा वर्षं चालते, पुढे परत नोंदणीला ५,०००. त्या नंबरवर मग रोजचं फिरणं आणि धंदा बंद, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. आमची २०२८ ला ५० ची होते. आता विचार करा, टॅक्सीचं इंजिन टाकून मी तिथे गेलो आणि त्यांनी विचारलं मूळ इंजिन कुठे आहे, तर "धुळ्याच्या भंगारात" हे उत्तर देऊन चालेल का? म्हणून आमचा ब्लॉक घरात आहे. तोपर्यंत गाडी टॅक्सीच्या इंजिनावर फिरतेय आणि जुनं निवांतपणे, पैसे येतील तसं, दुरुस्त होतंय.

विकायची असेल तरी ठेवाच. आमच्या मामांची विलीज जीप होती, मूळ पेट्रोल हरिकेन इंजिनाची. पेट्रोल परवडत नाही म्हणून ऐंशीच्या दशकात खान्देशातल्या अर्ध्या जीपांसारखं तिच्यात डिझेल बसवलं आणि पेट्रोलचं इंजिन काही वर्षं विहिरीवर पाणी ओढायला लावलं, मग ते एक दिवस असंच कोणालातरी देऊन टाकलं. मागच्या वर्षी नाशिकहून गिऱ्हाईक आलं, जीपच्या खाली आडवं पडून सगळं बघितलं, उठून कपडे झटकले आणि पहिला प्रश्न, "पेट्रोलचं इंजिन कुठंय?" नाही म्हटल्यावर त्याने भाव असा काही पाडला की मामांनी चहा पण अर्धाच दिला.

आणि ठेवू नका कधी? नंबर जुळत नसेल तर. बेरिंगच्या जागेला तडा असेल आणि गाडी व्हिंटेजला नेण्याचा काही विचार नसेल तर. किंवा, हे मनावर दगड ठेवून सांगतो, तुम्हाला माहिती असेल की आपल्याकडून हे कधीच दुरुस्त होणार नाही तर. भाड्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने ब्लॉक जपण्यात काही मजा नाही, त्यापेक्षा ज्याला त्याच मॉडेलचा ब्लॉक पाहिजे त्याला द्या, निदान तो चालेल तरी.

मधला रस्ता पण आहे, मला तोच पटतो. पूर्ण इंजिन जपायची गरज नाही, नंबरचा ब्लॉक, क्रँक आणि हेड एवढं ठेवा. वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर, डायनामो हे चालत्या इंजिनाला स्पेअर म्हणून वापरा. पडून पडून खराब होण्यापेक्षा चाललेलं बरं, आणि पद्मिनीचे चांगले पार्ट आता पहिल्यासारखे मिळत पण नाहीत.

६. द्यायचं ठरलं तर

फक्त आरसीवर नवीन नंबर चढल्यावर. शक्यतो भंगाराला नको, त्याच गाडीच्या मालकाला द्या. साध्या कागदावर का होईना लिहून घ्या की अमुक नंबरचा ब्लॉक अमुक तारखेला दिला, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स, दोघांच्या सह्या. भंगारातच जाणार असेल तर ब्लॉक समोर फोडून घ्या. भंगारवाला किलोच्या भावाने घेतो, त्याला अख्खा काय आणि फुटका काय.

७. ठेवायचं ठरलं तर

आता मिस्त्री हसणार. आमचा अहिराणीत हसला, "लोखंड शे ते भाऊ, कसाले घरमा ठेवतस?" (लोखंड आहे ते, कशाला घरात ठेवता?) हसू द्या.

पाणी पूर्ण काढा. नुसतं रेडिएटरचं नाही, ब्लॉकला खाली जो ड्रेन कॉक असतो तो पण उघडा, गाळाने चोंदलेला असेल तर तार घाला. आत राहिलेलं वाटीभर पाणी दोन पावसाळ्यांत जॅकेट आतून खाऊन टाकतं. जुनं ऑइल काढून नवीन टाका, जळलेल्या ऑइलमध्ये ॲसिड असतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि क्रँक पान्याने हाताने फिरवा म्हणजे ते सगळीकडे बसेल. मग प्लग परत लावा आणि कार्बोरेटरची, सायलेन्सरची, पाण्याची, सगळी तोंडं लाकडी बुचांनी बंद करा. चिंध्या कोंबू नका, त्या ओल धरतात आणि उंदरांना आयतं घर होतं.

नुसता धुतलेला ब्लॉक असेल तर त्याच दिवशी बोअरला ग्रीस लावा, त्याच दिवशी म्हणजे त्याच दिवशी, उघडं बीड धुतल्यावर रात्रीतून लाल पडतं.

फरशीवर ठेवू नका, लाकडाच्या चौकटीवर ठेवा, आणि इंजिनाचा भार ऑइलच्या सम्पवर (खालची ऑइलची टाकी) येऊ देऊ नका, तो पत्र्याचा असतो, दबतो. प्लॅस्टिकने गच्च बांधणं ही सगळ्यात कॉमन चूक. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री आणि जूनच्या शेवटी एकदम दमट, आतल्या आत घाम सुटतो आणि बाहेर यायला जागा नसते. वरून गोणपाट किंवा जुनी गोधडी टाका, खालून हवा लागू द्या. रबरी सील, होज, पट्टे या उन्हाळ्यात कडक होणारच, ते जपायच्या नादी लागू नका, चालू करायच्या वेळी नवीन टाकायचे.

दोन्ही बिलं, ठसे, बोअरिंगवाल्याच्या मापांची चिठ्ठी, सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि ती फाईल गाडीच्या कागदांसोबत ठेवा, इंजिनासोबत नाही, तेल लागतं.

आणि महिन्यातून एकदा प्लग काढून क्रँक दोन-तीन फेरे फिरवायचा, दर वेळी वेगळ्या जागी सोडायचा म्हणजे रिंगा एकाच ठिकाणी धरून बसत नाहीत. मी पहिल्या रविवारी फिरवतो. आमचं धूड पडवीत आहे, आईने आखाजीच्या (अक्षय तृतीया) आधी वाळवणं काढली तेव्हापासून त्याच्यावर गोधडी टाकून बिबड्यांचा (ज्वारीचे पापड) डबा ठेवलाय, त्यामुळे मी विसरलो तरी तीच सकाळी हाक मारते, "उचल रे बाबा तो डबा, तुझं इंजिन फिरवून घे आधी, मला नंतर तिथे काम आहे."